विजयापूर्वीचा खर्च कोणाचा?

३० सप्टेंबर २०२३ रोजी चीनमधील हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत टेनिसच्या मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक भारताला मिळाले. रोहन बोपण्णा याच्या साथीने ते मिळविणाऱ्या ऋतुजा भोसले हिचा जन्म श्रीरामपूरचा. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीतील बजाजनगरातून नगर रस्त्याने निघून नेवासे फाट्याला वळले, की शंभर किलोमीटरांच्या आत श्रीरामपूर येते. त्या स्पर्धेत टेनिसमध्ये भारताला मिळालेले हे एकमेव सुवर्णपदक होते. त्याचे कौतुक सर्वत्र झाले आणि ते योग्यच होते. मात्र त्या कौतुकात एका गोष्टीचा विसर पडला. २०१४ ते २०१७ ही ऋतुजाच्या वयाची अठरा ते एकवीस वर्षे, म्हणजे खेळाडूच्या घडणीतील निर्णायक काळ, अमेरिकेतील टेक्सास ए अँड एम विद्यापीठाच्या संघात गेला.

हे उदाहरण अपवादात्मक नाही. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाकडून खेळला, २०१७ मध्ये तेथून बाहेर पडला आणि पुढे सात वर्षांनी, ऑक्टोबर २०२४ मध्ये, ऋत्विक चौधरी बोल्लीपल्ली याच्यासह अल्माटी येथील स्पर्धेत दुहेरीचे विजेतेपद मिळवून गेला. व्यावसायिक टेनिसच्या वरच्या वर्तुळातील ते त्याचे पहिलेच विजेतेपद होते आणि तेव्हा त्याचे वय तीस वर्षांचे होते. त्याच्याही आधी, सोमदेव देववर्मन याने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून खेळताना २००७ व २००८ अशी सलग दोन वर्षे अमेरिकन महाविद्यालयीन एकेरीचे अजिंक्यपद पटकाविले होते. २०११ मध्ये तो जागतिक क्रमवारीत ६२ व्या स्थानापर्यंत पोहोचला. तिघांची गुणवत्ता वेगळी आणि वाटचालही वेगळी. परंतु तिघांनाही जो टप्पा ओलांडता आला, तो ओलांडण्याची सोय आपल्या देशात नव्हती आणि आजही नाही. या सोयीचे अर्थशास्त्र समजून घेतल्यावाचून क्रीडाधोरणाची आपली चर्चा पदके मोजण्यापलीकडे जाणार नाही.

थोड्यांचे वैभव, बहुतांची ओढाताण

टेनिस हा श्रीमंत खेळ आहे, असा सार्वत्रिक समज आहे. तो अर्धाच खरा आहे. २०२५ च्या विम्बल्डन स्पर्धेत पहिल्याच फेरीत हरणाऱ्या एकेरीच्या खेळाडूलाही ६६ हजार पौंड, म्हणजे सुमारे पाऊण कोटी रुपये मिळाले. याच खेळाच्या तळाच्या पायरीवर १५ हजार डॉलरच्या स्पर्धा असतात. हा आकडा संपूर्ण स्पर्धेच्या बक्षिसांचा आहे, विजेत्याच्या एकट्याच्या बक्षिसाचा नव्हे. पुरुषांच्या अशा स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला २,१६० डॉलर मिळतात आणि पहिल्या फेरीत हरणाऱ्याला १५६ डॉलर. एवढ्या रकमेत परदेशातील चार दिवसांचे हॉटेलही भागत नाही. विमानाचे तिकीट, प्रशिक्षक, व्यायामतज्ज्ञ आणि रॅकेटच्या तारा यांचा खर्च निराळाच.

नोकरदार मनुष्याचे वेतन त्याच्या कामाच्या प्रमाणात थोडेफार वाढत जाते. शंभर रुपयांचे काम करणाऱ्यास शंभर आणि नव्वद रुपयांचे काम करणाऱ्यास नव्वद, असा साधारण हिशोब असतो. टेनिससारख्या बाजारात हा हिशोब चालत नाही. तेथे जगातील पन्नासावा आणि तीनशेवा यांच्या कौशल्यातील अंतर थोडे, परंतु उत्पन्नातील अंतर प्रचंड असते. पुरुषांच्या व्यावसायिक संघटनेने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी देण्याची योजना सुरू केली. ठरावीक स्पर्धा खेळण्याच्या अटीवर पहिल्या शंभरांना वर्षाला ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकांना दीड लाख आणि १७६ ते २५० क्रमांकांना ७५ हजार डॉलर, असे तिचे प्रारंभीचे प्रमाण होते. २५० व्या क्रमांकाशी हमीची रेघ संपते. भारताचे बहुतेक खेळाडू आपल्या कारकिर्दीचा मोठा भाग त्या रेघेखालीच काढतात.

सुमित नागल याचे उदाहरण या संदर्भात बोलके आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये तो एकेरीत भारताचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू होता आणि आपल्या बँकेच्या खात्यात ९०० युरो शिल्लक असल्याचे त्याने त्या वेळी जाहीरपणे सांगितले. वर्षभर स्पर्धांमागे फिरण्याचा खर्च सुमारे एक कोटी रुपयांच्या घरात जात होता. चारच महिन्यांनी ऑस्ट्रेलियन स्पर्धेत त्याने ३१ व्या मानांकित अलेक्झांडर बुब्लिकला हरविले आणि दुसऱ्या फेरीत गेल्यामुळे १ लाख ८० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर त्याच्या नावे जमा झाले. जानेवारीतील तो एक सामना हातचा गेला असता, तर आदल्या वर्षाचा खर्च कोणाच्या माथी बसला असता, हा प्रश्न त्या विजयाच्या बातम्यांत कोणी विचारला नाही.

शिष्यवृत्तीचा विमा

व्यावसायिक टेनिसमध्ये उतरणारा अठरा वर्षांचा मुलगा वा मुलगी खऱ्या अर्थाने एक लहान उद्योजक असते. भांडवल आधी गुंतवावयाचे, उत्पन्न अनिश्चित काळाने यावयाचे आणि बहुधा न येण्याचीच शक्यता अधिक. अशा व्यवसायाला बँक कर्ज देत नाही, कारण तारण ठेवण्यास काहीच नसते. खेळाडूच्या खांद्याची हमी कोणती बँक घेणार? परिणामी भांडवल पुरविते ते कुटुंबच, आणि मग गुणवत्तेची निवड न होता कुटुंबाच्या ऐपतीची निवड होते.

अमेरिकन महाविद्यालयीन टेनिस नेमके या ठिकाणी उपयोगी पडते. तेथे शिष्यवृत्ती मिळविणाऱ्या खेळाडूचे शिक्षणशुल्क, निवास, भोजन, प्रशिक्षण आणि प्रवास यांचा भार सर्वस्वी वा अंशतः विद्यापीठ उचलते. अनेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्याचा वर्षाचा खर्च ५० हजार डॉलरच्या पुढे असतो, हे लक्षात घेतले म्हणजे या मदतीचे मोल कळते. मोबदल्यात खेळाडू विद्यापीठासाठी हंगामभर खेळतो. त्याला आठवड्यामागून आठवडा तुल्यबळ प्रतिस्पर्धी मिळतात आणि चार वर्षांच्या शेवटी हाती पदवी राहते. खेळ साधला तर उत्तमच. न साधला, खांदा दुखावला, तरी बाविसाव्या वर्षी तो रिकाम्या हाताने घरी परतत नाही. ही पदवी विम्याच्या पॉलिसीसारखी आहे, आणि तिचा हप्ता दुसराच कोणी भरीत असतो.

या वाटेने गेल्यास खेळ मागे पडतो, अशी शंका पूर्वी घेतली जात असे. आता ती घेण्याचे कारण उरलेले नाही. बेन शेल्टन २०२२ मध्ये महाविद्यालयीन विजेता झाला आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या उपान्त्य फेरीत पोहोचला. ऑक्टोबर २०२५ मध्ये शांघायच्या मोठ्या स्पर्धेत जागतिक क्रमवारीतील २०४ वा खेळाडू, मोनॅकोचा व्हालेंटिन वाशेरो, अंतिम फेरीत स्वतःच्याच मावस-चुलत नात्यातील आर्थर रिंडरक्नेश याला हरवून विजेता ठरला. हे दोघेही टेक्सास ए अँड एम विद्यापीठाचे, म्हणजे ऋतुजा भोसले जेथे खेळली त्याच संस्थेचे, माजी विद्यार्थी होत. २०२३ पासून तर महाविद्यालयीन क्रमवारीतील पहिल्या वीस पुरुष खेळाडूंना व्यावसायिक चॅलेंजर स्पर्धांत थेट वा पात्रता फेरीत प्रवेश देण्याची व्यवस्थाही झाली आहे.

मुलींच्या दृष्टीने या व्यवस्थेचे आणखी एक वैशिष्ट्य होते. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना स्त्री-पुरुष भेदभावाची मनाई केली. मुलग्यांच्या फुटबॉल संघांवर होणाऱ्या खर्चाचा तोल सावरण्यासाठी अन्य खेळांत मुलींना अधिक शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. टेनिसच्या वरच्या श्रेणीत पुरुषांच्या संघास साडेचार शिष्यवृत्त्या आणि महिलांच्या संघास आठ, अशी मर्यादा २०२५ पर्यंत होती. अमेरिकन मुलींसाठी झालेल्या कायद्याचा लाभ असा सातासमुद्रापलीकडच्या मुलींनाही मिळत गेला.

अरुंद होत जाणारे दार

हे औदार्य धर्मादाय नव्हे, हे विसरून चालणार नाही. अमेरिकन विद्यापीठांतील टेनिसचा खर्च मुख्यतः फुटबॉल व बास्केटबॉल यांच्या दूरचित्रवाणी हक्कांतून आणि सामान्य विद्यार्थ्यांच्या शुल्कातून निघतो. हा पाया आता हलला आहे. जून २०२५ मध्ये तेथील न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनुसार विद्यापीठांना आपल्या खेळाडूंना थेट पैसे देता येऊ लागले. त्यासाठी २०२५-२६ या वर्षाची कमाल मर्यादा प्रत्येक विद्यापीठामागे सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर ठरली. साहजिकच हा पैसा उत्पन्न आणणाऱ्या फुटबॉलपटूंकडे जाणार. शिष्यवृत्त्यांवरील जुनी मर्यादा गेली, परंतु ही तडजोड स्वीकारणाऱ्या विद्यापीठांच्या टेनिस संघात दहाच खेळाडू ठेवण्याचे बंधन आले, आणि काही विद्यापीठांनी काटकसरीसाठी टेनिसचे संघच मोडीत काढले. विद्यार्थी व्हिसावर गेलेल्यांना नोकरीस बहुतांशी मनाई असल्यामुळे परदेशी खेळाडूंना या नव्या पैशातील वाटा घेणेही अवघड आहे. तेथील वरच्या श्रेणीच्या टेनिसमध्ये निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत. त्यामुळे त्यांच्यावर देशांतर्गत रोषही आहे.

तात्पर्य, ज्या दाराने ऋतुजा भोसले आणि अर्जुन कढे आत गेले, ते दार पुढच्या पिढीसाठी तेवढेच उघडे राहील, याची शाश्वती देता येत नाही. दुसऱ्याच्या तिजोरीवर बेतलेले धोरण हे धोरणच नव्हे. शिवाय त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठीही बारा ते अठरा या वयात देशात व परदेशांत कुमार स्पर्धा खेळाव्या लागतात. त्यांचा खर्च पुन्हा कुटुंबाचाच.

बजाजनगरचा अनुभव काय सांगतो?

आपल्याकडे विजेत्यांना काहीच मिळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आशियाई सुवर्णपदकाचे पारितोषिक एक कोटी रुपयांवर नेले. शिवछत्रपती पुरस्कार आहेत, शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे, शालान्त परीक्षेत सवलतीचे गुण आहेत. या साऱ्यांचे एक समान लक्षण असे, की ते यश मिळाल्यानंतर मिळते. खर्च मात्र विजयापूर्वीचा असतो. पारितोषिकाने गौरव होतो. जोखीम त्याने कमी होत नाही. ज्या मुलाला एक कोटीच्या पारितोषिकापर्यंत पोहोचण्यासाठी आधी काही लाख उभे करता येत नाहीत, त्याच्या दृष्टीने ते पारितोषिक असून नसल्यासारखेच.

जोखीम आधी वाटून घेण्याचे तत्त्व महाराष्ट्राला अपरिचित आहे, असेही नाही. बजाजनगर हीच त्याची साक्ष आहे. १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना वाळूजला सुरू झाला आणि त्याच्या आश्रयाने सुट्या भागांचे कारखाने व कामगारांची ही वस्ती वाढली. मागास भागात कोणी उद्योजक आपण होऊन येणार नाही, हे ओळखून राज्याने १९६४ पासून सामूहिक प्रोत्साहन योजना राबविली होती. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या औद्योगिक विकास महामंडळाने रस्ते, पाणी आणि भूखंड आधी सिद्ध केले. पहिले वाहन बाहेर पडेपर्यंत थांबून मग कारखान्याला हारतुरे घालावेत, असे त्या वेळी कोणी सुचविले नाही. बालोद्योगाला संरक्षण द्यावे, हा अर्थशास्त्रातील जुना सिद्धान्त आहे. यंत्रांना लागू केलेला तो न्याय माणसांना लागू करण्यास हरकत कोणती?

आज या वस्तीत बीड, जालना, परभणीकडून आलेल्या कामगारांची दुसरी पिढी वाढते आहे. पाळीवर जाणारा बाप आपल्या मुलीच्या हातातील खेळ पाहून हरखतो. परंतु चांगली रॅकेट पंधरा हजारांच्या पुढे जाते, शहरातील क्रीडा संकुल पंधरा-सोळा किलोमीटरांवर असते, आणि दहावीचे वर्ष उजाडले की खेळ की अभ्यास, या प्रश्नाचे उत्तर घरात न बोलताही ठरून जाते. त्या बापाला दोष देता येत नाही. मिळकत बेताची असताना जोखीम टाळणे हे शहाणपणच ठरते. दोष आहे तो खेळ आणि शिक्षण यांतून एकाचीच निवड करावयास लावणाऱ्या व्यवस्थेचा.

टेनिसऐवजी कबड्डी, कुस्ती वा खो-खो यांकडे लक्ष द्यावे, हा आक्षेप येथे घेतला जाईल. या खेळांचा हक्क कोणी नाकारीत नाही. किंबहुना जोखीम वाटून घेण्याचे तत्त्व त्यांनाही तितकेच लागू आहे. परंतु महाग खेळ श्रीमंतांसाठी आणि स्वस्त खेळ गरिबांसाठी, अशी वाटणी कायम करणे हे लोकशाही शिक्षणाचे ध्येय असू शकत नाही. सोलापूर जिल्ह्यातील बार्शीसारख्या गावातून आलेल्या प्रार्थना ठोंबरे हिने २०१४ मध्ये सानिया मिर्झासह आशियाई स्पर्धेचे कांस्यपदक आणले आणि २०१६ मध्ये ती रिओ ऑलिम्पिकमध्ये खेळली. गुणवत्ता जिमखान्यांच्या आवारातच जन्मते, असे मानण्यास म्हणूनच आधार नाही.

विद्यापीठांनी करावयाचे काम

१९५८ मध्ये स्थापन झालेले, आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे नाव धारण करणारे मराठवाडा विद्यापीठ हे या प्रदेशातील उच्च शिक्षणाचे मुख्य केंद्र आहे. आपल्या विद्यापीठांत टेनिस म्हणजे सामान्यतः महाविद्यालयांच्या काही दिवसांच्या स्पर्धा, त्यांतून निवडलेला संघ, आणि मग विभागीय व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. २०२० पासून खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांची त्यात भर पडली. परंतु स्पर्धा आणि हंगाम यांत अंतर आहे. थोड्या दिवसांच्या स्पर्धेत खेळाडूची पारख होते. तो घडतो मात्र महिनोन्‌महिने चालणाऱ्या हंगामात. क्रीडा विद्यापीठ मराठवाड्यात व्हावे, अशी घोषणा होऊन त्यासाठी वाळूजजवळच्या करोडी परिसरात जागाही पाहिली गेली होती. ते २०२० च्या कायद्याने पुण्यास बालेवाडीला गेले. त्याबद्दलची खंत रास्त आहे, तथापि खंतीवर थांबून भागणार नाही, कारण करता येण्याजोग्या बऱ्याच गोष्टींना स्वतंत्र विद्यापीठाची गरज नाही.

पहिली गोष्ट नियमांची. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शिक्षणात मध्येच थांबून पुन्हा प्रवेश घेण्याची मुभा दिली आणि २०२१ पासून श्रेयांक साठविण्याची व्यवस्था झाली. या तरतुदी खेळाडूच्या सोयीच्या आहेत. सहा महिने स्पर्धांसाठी बाहेर राहून परतणाऱ्या विद्यार्थ्याला ७५ टक्के उपस्थितीच्या अटीवर नापास न करता त्याचे सत्र पुढे नेता आले पाहिजे. यास पैसा जवळजवळ लागत नाही; लागते ती प्राचार्यांची आणि परीक्षा विभागाची इच्छा.

दुसरी गोष्ट स्पर्धांची. पुण्यात २०१८ पासून भरलेली मोठी आंतरराष्ट्रीय पुरुष स्पर्धा २०२३ नंतर थांबली आणि वेळापत्रकातील तिची जागा हाँगकाँगने घेतली. तिच्यामुळे पुणेकरांना नामवंतांचा खेळ पाहावयास मिळाला. परंतु नवोदितांना खरी निकड असते ती तळाच्या स्पर्धांची. १५ हजार डॉलरच्या एका स्पर्धेची एकूण बक्षिसे सुमारे तेरा लाख रुपयांची. म्हणजे एका आशियाई सुवर्णपदकाच्या पारितोषिकाएवढ्या रकमेत अशा सात स्पर्धांची बक्षिसे भागतात. आयोजनाचा खर्च अर्थात वेगळा. अशा स्पर्धा मराठवाड्यात नियमाने झाल्या, तर येथील खेळाडूला पहिले गुण मिळविण्यासाठी व्हिसा काढून परदेशी जाण्याचे कारण पडणार नाही.

तिसरी गोष्ट पैशाची. २०१३ च्या कंपनी कायद्याने ठरावीक आकाराच्या कंपन्यांना सरासरी निव्वळ नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यावर खर्च करणे बंधनकारक केले. ग्रामीण, राष्ट्रीय मान्यताप्राप्त आणि ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण त्या कार्यांच्या यादीत आहे. वाळूजच्या उद्योगांनी या निधीतून दरवर्षी दहा-बारा विद्यार्थी-खेळाडूंचा चार वर्षांचा भार उचलावा, विद्यापीठाने त्यांना पदवीची हमी द्यावी आणि निवड खुल्या चाचणीने व्हावी. यांतील दोघे-तिघेच पुढे जातील, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. उरलेले शिक्षक, प्रशिक्षक, कारकून, अभियंते होतील. त्यांच्यावरचा खर्च वाया गेला, असे मानणारा हिशोबनीस शिक्षणाचाच हिशोब चुकवीत असेल. कारण दहातील आठांना सुखरूप माघारी येता येते, या विश्वासावरच दहाही जण पुढे पाऊल टाकतात.

पुढचे आशियाई वा ऑलिम्पिक पदक आले, की सत्कार होतील आणि धनादेशही दिले जातील. ते द्यावेतच. परंतु त्यापूर्वीच्या दहा वर्षांचा खर्च कोणी केला, हा प्रश्न त्या समारंभात विचारला गेला पाहिजे. त्याचे उत्तर दर वेळी एखादे परके विद्यापीठ किंवा एखाद्या आईबापाची मोडलेली ठेव असेच येत असेल, तर त्या पदकावर आपला वाटा सांगताना महाराष्ट्राने थोडा संकोच बाळगणे बरे.